जाळीवरचा कान

ही गोष्ट खरी आहे. कुठे वाचलेली नाही, चारचौघांच्या तोंडून फिरत आलेली नाही. माझ्या मावशीच्या घरातली आहे, आणि तिचा शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय.

ज्यांना अमावास्या, पिंपळ आणि पांढरं लुगडं लागतं त्यांनी इथूनच मागे फिरावं. यात त्यातलं काहीच नाही. हे सगळं भर दुपारी घडलं. यंदाच्या चैत्र-वैशाखात, उन्हात, कॉम्प्रेसरच्या आवाजात.

ठिकाण काष्टी, तालुका श्रीगोंदा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.

हनुमंत माझा मावसभाऊ. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणतो. दौंड रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. स्प्रे पेंटिंगचं काम करतो. कपाटं, कूलर, ट्रॅक्टरची बॉनेटं, आणि सप्ताह-लग्नसराई जवळ आली की साऊंडवाल्यांच्या जाळ्या.

जाळी म्हणजे स्पीकरच्या खोक्याला पुढून असते ती, भोकाभोकांच्या पत्र्याची. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं, फवारा मारला की झालं. तसं नसतं. रंग जाड बसला की भोकं बुजतात आणि आवाज आतच कोंडतो. पातळ बसला की पहिल्या पावसाळ्यात गंज वर येतो. म्हणून हनुमंत आधी जाळी धुणार, पॉलिश पेपरनं घासणार, थिनरनं पुसणार, प्रायमर देणार. मग तारेला टांगून लांबून हलका हात मारणार. एकदा समोरून, एकदा तिरका, म्हणजे भोकांच्या कडांनाही रंग लागतो. प्रत्येक हातानंतर नुसती हवा मारून भोकं मोकळी करणार. त्यानं रंगवलेली जाळी वर्षानुवर्षं टिकते.

त्या एका जाळीनं मात्र रंग धरला नाही.

आता त्याच्या आईबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच आहे.

बनुमावशी, माझ्या आईची मोठी बहीण. तिला कमी ऐकू यायचं. कमी म्हणजे फारच कमी. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिनं साखरेच्या डब्यात ठेवून दिलं. तिचा खरा आधार वस्तीवरच्या भैरवनाथाच्या देवळातला स्पीकर होता. संध्याकाळी भजन सुरू झालं की ती उजव्या खांबाजवळ बसायची आणि डोकं कलतं करून कान थेट जाळीला लावायची. आमच्या कानठळ्या बसायच्या. ही मात्र डोळे मिटून हसत असायची.

डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं असायचं. त्या जाळीला तिच्या कानाएवढा तेलकट डाग कायमचा बसला होता.

देवळाचा साऊंड कानिफनाथचा. हनुमंताचा लहानपणापासूनचा दोस्त. तो तिला ओरडून सांगायचा, "मावशे, जाळीला तेल लागतंय."

"काय म्हनला?"

"काय न्हाई."

घरातही हेच. ती विचारायची, "काय म्हनला?" आणि हनुमंत म्हणायचा, "काय न्हाई." सून ज्ञानेश्वरी तेवढी परत सांगायची, तीसुद्धा हातात काम नसेल तर. ऐकू न येणाऱ्या माणसाला दिवसभर हेच एक उत्तर मिळतं. कुणी दुष्टपणानं देत नाही. दमतात माणसं.

माघात मावशी गेली.

ती पडवीत बाजेवर पडून होती. ताप होता, पण एवढं काही नव्हतं. हनुमंत शेडवरून आला, तिच्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलला.

"काय म्हनला रं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," म्हणून तो विहिरीची मोटर चालू करायला गेला.

परत आला तेव्हा ती गेलेली होती.

हनुमंत रडला नाही. मी तिथं होते. त्यानं तिरडी बांधली, अग्नी दिला, डोक्याचे केस काढले, आल्यागेल्याला चहा दिला. सगळं बरोबर केलं. चेहरा मात्र धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता. ज्ञानेश्वरी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "ताई, त्यान्ला म्हना की, एकदा रडा तरी." मी कशी म्हणणार? रड म्हटल्यावर कोण रडतं का?

दशक्रियेला घोड नदीच्या घाटावर कानिफनाथनं हेच स्पीकर लावले होते. प्रवचन झालं, चारपाच जणांनी श्रद्धांजली वाहिली. मग माईक हनुमंताच्या हातात दिला. त्यानं तो तोंडाशी धरला. सगळे थांबले. त्यानं माईककडं जरा वेळ बघितलं आणि परत देऊन टाकला.

पिंडाला कावळा शिवेना.

समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले होते. बघत होते. खाली येत नव्हते. भाऊबंदांनी एकेक शब्द दिला. नातीला शिकवू, बांधाचं भांडण मिटवू, देवळाला पायरी बांधू. एकही कावळा हलला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकून घेतलं.

बायका कुजबुजल्या, बनुबाईचं काहीतरी राहिलंय.

काय राहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर ज्ञानेश्वरीनं नवऱ्याला विचारलं, "शेवटाला तुमाला काय बोलल्या का त्या?"

"न्हाई."

"मग तुमी काय बोलल्ता?"

हनुमंत विचार करत बसला. बोललो होतो. नक्की बोललो होतो. तिनं विचारलंही होतं, काय म्हनला रं. पण काय बोललो होतो... ते काही केल्या आठवेना.

त्यानंतर त्याच्यात जे काही होतं ते एवढंच. मला म्हणाला, "ताई, दुःख बिख काय न्हाई बघ. नुस्तं ते आठवत न्हाई." दात पडल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते ना, तसा तो दिवसभर तिथंच जाऊन यायचा. आईचं राहिलेलं तेच असणार, हे त्याला कळत होतं. द्यायचं काय तेच त्याच्याकडं नव्हतं.

चैत्रात देवळाचा सप्ताह ठरला. कानिफनाथ टेम्पोतून जाळ्या घेऊन शेडवर आला.

"हनुमंता, टिकाऊ मार बाबा. पुन्ना चार वर्स बघायला नको."

"ठीव तिकडं," हनुमंत म्हणाला.

कोणती जाळी कोणत्या खोक्याची, त्यानं विचारलं नाही. डाग बघितला नाही. सगळ्या एकदमच धुतल्या, घासल्या, पुसल्या. प्रायमर दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तारेला टांगून काळा रंग मारायला घेतला.

तीन जाळ्या एकसारख्या झाल्या.

चौथीवर रंग फाटला.

पत्र्यावर तेल राहिलं की असं होतं. रंग तिथं बसत नाही, कडेकडेला सरकतो. हनुमंतानं थिनरचा बोळा घेतला, ती जागा पुसली, परत हात मारला.

परत फाटला.

त्यानं स्प्रेची गन खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरला. जाळीच्या उजव्या बाजूला, बसलेल्या बाईचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, काळ्या रंगात उघडा पत्रा चमकत होता. वर गोलसर कड. मधे वळण. खाली लोंबती पाळी, आणि पाळीत कुडी घालायची चीर...

आईचा कान.

हनुमंत बघत राहिला. मला सांगताना म्हणाला, "भ्या वाटायला पायजे हुतं ताई. न्हाई वाटलं. मला वाटलं, तेल पार आत मुरलंय, सोड्यात उकळाय लागंल."

त्यानं तेच केलं. काहिलीभर उकळत्या पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून सगळा रंग काढला. जाळी नव्यासारखी उघडी झाली. मग पुन्हा पेपर, पुन्हा थिनर, पुन्हा प्रायमर. दुसऱ्या दुपारी काळा हात मारला. या वेळी रंग सगळीकडं सारखा बसला. तो आडवा होऊन कडेनं बघून आला. कुठं डाग नाही, कुठं भोक बुजलेलं नाही.

मग तो हात धुऊन सावलीला भाकरी खायला बसला.

शेडमध्ये कुणी नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

जेवून परत आत आला तर आधी वास आला... थिनरचा नाही.

खोबरेल तेलाचा.

जाळीवर कान परत उमटला होता. तेवढ्या जागेतला रंग गेला होता, खालचा प्रायमरही गेला होता. ओघळ नव्हता. जमिनीवर थेंब नव्हता. रंग तिथं नव्हताच.

हनुमंतानं बोट लावलं. बोटाला तेल लागलं. ते तेल कोमट होतं, आत्ता कुणीतरी डोकं टेकवून उठल्यासारखं.

कॉम्प्रेसर चालू होता. तो वाकून जवळून बघायला गेला आणि...

आवाज बंद पडला.

डाव्या कानात कॉम्प्रेसर धडधडत होता. उजव्या कानात, जाळीच्या बाजूच्या, काहीच नाही. त्यानं डोकं मागं घेतलं. आवाज आला. परत पुढं केलं. गेला. त्यानं जाळीसमोर टाळी वाजवली. हात एकमेकांवर बसलेले त्याला कळले, टाळी ऐकू आली नाही.

त्यानं कॉम्प्रेसर बंद केला आणि परत जाळीपाशी आला. समोरून रस्त्यानं उसाचा ट्रक गेला. ड्रायव्हरचा हात हॉर्नवर होता.

आवाज नाही.

जाळीमागं काय होतं? तार आणि पत्र्याची भिंत. दुसरं काही नव्हतं. तरी त्या भोकांच्या पलीकडून त्याला एक गोष्ट जाणवली. म्हाताऱ्या माणसाला नीट ऐकायचं असलं की ते श्वास रोखून धरतं. तसा कुणीतरी श्वास धरलेला होता.

"कोन हाय?" हनुमंत म्हणाला.

त्याचं बोलणं त्याच्याच कानापर्यंत आलं नाही.

त्यानं शेडला कुलूप लावलं आणि घरी गेला. पळाला नाही, घाबरला नाही. उन्हं अजून डोक्यावर होती.

घरी ज्ञानेश्वरी उंबऱ्यातच बसली होती. समोर एक उशी होती.

मावशीची.

गादी आणि वाकळ रिवाजाप्रमाणं कधीच टाकून दिली होती. उशीत कापूस नवा भरलेला होता, म्हणून ज्ञानेश्वरीनं ती तेवढी माळ्यावर टाकली होती. आज बाजरीचं पोतं काढायला ती माळ्यावर चढली, तेव्हा ती हाताला लागली.

"बघा," ती म्हणाली.

पांढऱ्या अभ्र्यावर काळ्या रंगाचा ठसा होता. बारीक जाळी, आणि जाळीत पांढरी पांढरी टिंबं, एकसारख्या अंतरावर. सगळा ठसा मिळून एका कानाएवढा.

ज्ञानेश्वरीच्या अंगठ्यालाही काळं लागलं होतं. रंग ओला होता.

"तुमी शेडवर नेली हुती का ही?"

"न्हाई."

"मग?"

हनुमंत उशीकडं बघत उभा राहिला. शेडमधून गेलेला रंग कुठं गेला ते त्याला आता कळलं होतं.

"नदीत सोडून या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा."

"र्‍हाऊ दे," म्हणून त्यानं उशी उचलली आणि पडवीत बाजेवर नेऊन ठेवली.

ज्ञानेश्वरी रडायला लागली. "अहो, तुमाला काय वाटत कसं न्हाई हो?"

"वाटायला पायजे," हनुमंत म्हणाला. तो खरंच विचार करून म्हणाला.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं जाळ्या देवळात नेल्या. चौथी तशीच, उघड्या कानाची. कानिफनाथ खोकी जोडत होता.

"आन् हे काय ठिवलंय?"

"रंग धरत न्हाई तितं."

"तुला धरत न्हाई?" कानिफनाथ हसत जवळ आला. वाकला. मग त्याला वास आला आणि त्याचं हसू थांबलं. जाळी धरलेला हात त्यानं हळूच काढून घेतला. त्या जागेवर कोण बसायचं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. दोघांनी मिळून ती जाळी उजव्या खांबाच्या खोक्याला स्क्रूनं बसवली.

बाहेर दोघीतिघी बायका अंगण सारवत होत्या. ऊन मंडपाच्या कापडातून खाली सांडलं होतं.

कानिफनाथनं माईक चालू केला. "हॅलो... चेक... हॅलो..."

तीन खोक्यांतून आवाज आला. उजव्या खांबाच्या खोक्यातून नाही.

त्यानं वायर तपासली, बदलली. तिसऱ्या खोक्याची वायर इकडं लावली, इकडची तिकडं. वायर चांगली होती, खोकं चांगलं होतं. तेवढं बोलत नव्हतं.

"तू बोल माईकवर," तो हनुमंताला म्हणाला. "मी जाळीला कान लावून बघतो."

पण त्यानं कान लावला नाही. खांबापासून हातभर लांब उभा राहिला.

हनुमंताच्या हातात माईक आला. घाटावर होता तोच.

"काय बोलू?"

"काय बी बोल की."

हनुमंत आयुष्यभर जे म्हणत आला तेच तोंडातून निघालं.

"काय न्हाई..."

उरलेले तीन स्पीकरही बंद पडले.

अॅम्प्लिफायरचे दिवे चालू होते. शिखरावरून पारव्यांचा थवा उडाला, पंखांचा आवाज आला नाही. बाहेर बाईनं बादली आपटली, आवाज आला नाही. कानिफनाथचं तोंड हलत होतं. काहीतरी विचारत होता. त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. गावातला सगळा आवाज गोळा होऊन त्या एका जाळीत जाऊन बसला होता.

आणि मग त्या जाळीतून आलं...

मोठ्यानं नाही. शेजारच्या बाजेवरून यावं तसं.

"काय म्हनला रं?"

हनुमंत जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं ती माघातली संध्याकाळ आली. पडवी. बाज. आईची मान वाकडी झालेली, डोकं उशीवरून घसरून बाजेच्या कडेला आलेलं. आपण ते बघितलं होतं. बघितलं, म्हणून तर बोललो होतो. तिला ऐकू आलं नाही, आणि परत सांगायचा कंटाळा आला, म्हणून काय न्हाई म्हणालो आणि मोटर चालू करायला गेलो. मान तशीच वाकडी राहिली.

एवढंच होतं ते.

त्यानं माईक तोंडाला लावला आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं विचारलं.

"आई, उशी नीट करू का?"

त्याचं बोलणं त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

मग सगळे आवाज एकदम सुटले. पारवे, बादली, बायका. चारही खोक्यांतून हनुमंताचं बोलणं सगळ्या वस्तीवर घुमलं. उशी नीट करू का. अंगण सारवणाऱ्या बायका शेणाचे हात तसेच धरून आत बघायला लागल्या. कानिफनाथ खांबाला टेकून खाली बसला होता.

"काय झालं रं?" त्यानं विचारलं.

"तुला ऐकू आलं का?" हनुमंत म्हणाला.

"तुझं आलं की. सगळ्या गावाला आलं."

"माझं न्हाई. नंतरचं."

कानिफनाथला नंतरचं काही आलं नव्हतं. तो आजही तेच सांगतो. हनुमंत मात्र म्हणतो, स्पष्ट आलं. एकच शब्द.

"कर."

तो माईक ठेवून घरी गेला. पडवीत उशी बाजेच्या कडेला सरकलेली होती. मधे डोक्याएवढा खळगा होता, आणि डोकं खाली घसरल्यासारखी एक बाजू दबली होती. त्यानं दोन्ही हातांनी उशी थोपटली, वर घेतली, सरळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सप्ताह सुरू झाला तेव्हा उजव्या खांबाची जाळी पूर्ण काळी होती. कानाची जागा कुठं होती ते शोधून सापडत नव्हतं. रंग सारखा, भोकं मोकळी, तेलाचा मागमूस नाही. तिला कुणी हात लावला नव्हता. कानिफनाथ भैरवनाथाची शपथ घेऊन सांगतो.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती. आईचं राहिलेलं दिलं, आई सुटली, असं म्हणून मीही हात जोडले असते.

वैशाखात मी काष्टीला गेले. दुपारची वेळ होती. शेडला कुलूप दिसलं म्हणून वस्तीवर गेले, तर कॉम्प्रेसर घराच्या अंगणात आणून ठेवलेला. हनुमंत तिथंच एक कूलर रंगवत होता.

"शेड का बंद केलंस रे?"

"हितंच बरं पडतं ताई. घरी असावं लागतं."

पडवीत बसलो. समोर मावशीची बाज होती, तिच्यावर ती उशी. अभ्रा धुतलेला. ठसा थोडा पुसट झाला होता, गेला नव्हता. ज्ञानेश्वरीनं चहा आणून दिला. तिचा चेहरा उतरला होता. बाजेकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

सगळी हकिगत हनुमंतानं मला तेव्हा सांगितली. जशी वर लिहिली तशीच, सपाट आवाजात, मधे आवंढासुद्धा न गिळता. मग तो कूलरच्या गंजाबद्दल बोलायला लागला. आजकाल थिनर कसा पाण्यासारखा येतो, प्रायमर कसा धरत नाही. मी हं हं करत होते. माझी नजर बाजेवर होती.

उशी मधोमध दबली.

वारा नव्हता. मांजर नव्हतं. खळगा हळूहळू खोल होत गेला... मग उशीची एक बाजू खाली गेली, आणि ती कडेकडेला सरकायला लागली.

मी कप खाली ठेवला.

हनुमंत बोलता बोलता उठला. बाजेजवळ गेला, "आई, नीट करतो गं," असं मोठ्यानं म्हणाला, दोन्ही हातांनी उशी थोपटून सरळ केली आणि परत येऊन बसला. थिनरचं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं बोलायला लागला.

मी ज्ञानेश्वरीकडं बघितलं.

"रोज," ती हळू आवाजात म्हणाली. "दिसातनं कितींदा तरी. रातीचं बी उठत्यात. अभ्रा सारखा धुते मी, तरी तेलाचा हुतोय."

मी शेवटी जे इतके दिवस मनात होतं तेच विचारलं.

"हनुमंता, तू रडलास का रे एकदा तरी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. तोच कोरा चेहरा.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "टाईम कुठं हाय."

मी फार वेळ बसले नाही. पाच मिनिटांत उठले, गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीची वेळ झाली नव्हती. ज्ञानेश्वरीनं कुंकू लावलं, तिचे हात गार होते. मी पायरीवर बसून चप्पल घालत होते, तेवढ्यात मागून हनुमंत काहीतरी म्हणाला. नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालास?" मी वळून विचारलं.

तो बाजेपाशी वाकला होता. उशी त्याच्या दोन्ही हातांत होती.

"तुला न्हाई, ताई."